न्हाणीमागचं अळू

उरणच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याच्या गावठाणांत, मग ते करंजा असो की बोकडवीरा, घराच्या पुढच्या अंगाला तुळस असते आणि मागच्या अंगाला अळू. तुळशीला रोज सकाळी पाणी मिळतं, हळदकुंकू मिळतं. अळवाला कुणी मुद्दाम काही घालत नाही. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं, जिथे कपडे धुवायचा दगड असतो आणि दुपार कलल्यावर भिंतीची सावली येते, तिथे ते उभं असतं. पण संध्याकाळी अवचित पाहुणे आले, बाजार करायला वेळ नाही, घरात डाळ आणि चिंच तेवढी आहे, अशा वेळी घरातली बाई सुरी घेऊन मागच्या दाराने जाते आणि चार पानं, आठ देठ घेऊन परत येते. जेवण निभावून जातं. घराच्या अडीअडचणीला इतक्या वर्षांत इतक्या वेळा उभं राहिलेल्याला मी घरातलंच माणूस मानतो. त्याची ओळख करून द्यायची तर त्याच मानाने करून द्यायला हवी.

अळू देखणं आहे. पान बदामाच्या आकाराचं, चांगलं पोसलेलं असेल तर हातभर लांब. देठ पानाच्या काठाला जोडलेला नसतो. पाठीमागून, काठाच्या बराच आत जोडलेला असतो. त्यामुळे पान देठावर तोललेलं राहतं आणि त्याचं टोक जमिनीकडे झुकतं. भाजीच्या अळवाचा देठ फिकट हिरवा. वडीच्या अळवाचा देठ काळसर जांभळा, पान गडद, शिरांवर जांभळी झाक. नवं पान येतं ते जुन्या देठाच्या पोटातून, घट्ट गुंडाळलेल्या पुंगळीसारखं. एकदोन दिवस ती पुंगळी तशीच ताठ उभी असते. मग एका बाजूने सुटायला लागते आणि उलगडल्यावर आत सुरकुतीसुद्धा सापडत नाही.

पावसात त्याच्यापाशी थांबून बघावं. थेंब पानावर पसरत नाही. गोल होऊन चकाकतो, पान जरा हललं की घरंगळतो, आणि गेल्यावर पान कोरडंच्या कोरडं. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर. थेंबाच्या खाली हवा अडकून राहते, म्हणून पाणी पानाला धरतच नाही. जाताजाता धूळ मात्र घेऊन जातं. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाचं पान स्वतःला स्वच्छ कसं ठेवतं ते मांडलं, तेव्हा त्यांनी तपासलेल्या पानांमध्ये अळवाचंही पान होतं. आमच्याकडे हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. उरणच्या रस्त्यांवर ट्रेलरची रांग धूळ उडवत जाते, आजूबाजूची झाडं राखाडी होतात, आणि एक सर पडून गेली की अळू सगळ्यांच्या आधी हिरवं होतं.

पहाटे त्याचं उलटं चालू असतं. रात्री हवा दमट असते, पानातून वाफ बाहेर जात नाही आणि मुळं तर पाणी ओढतच असतात. ते जास्तीचं पाणी पानाच्या टोकाशी गोळा होतं आणि थेंब थेंब खाली पडत राहतं. वरून आलेलं पाणी जे पान क्षणभर ठेवून घेत नाही, तेच आतलं पाणी असं सोडत असतं. म्हणून अळवाखालची माती पाऊस नसतानाही सकाळी ओली सापडते.

स्वभाव मात्र सरळ नाही. ज्याने कच्चा देठ चाखून पाहिलाय, त्याला सांगावं लागत नाही. पानाच्या आणि देठाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्यांनी भरलेले असतात. पेशी फुटली की त्या सुया बाहेर येतात आणि घशात, जिभेवर, चिरणाऱ्याच्या मनगटावर टोचतात. रानात पहिल्या पावसाबरोबर उगवणारं तेरं, म्हणजे रानअळू, तर याबाबतीत फारच कडक. आपल्या बायकांनी यावरचा उपाय केव्हाच शोधून ठेवलाय: हाताला खोबरेल तेल, पातेल्यात चिंच किंवा आंबट चुका, आणि शिजवण्यात कंजुषी नाही. आंबटाशी गाठ पडली आणि पुरेशी आच मिळाली की हाच तिखट स्वभावाचा गडी इतका मऊ होतो की लग्नाच्या पंगतीत फदफदं म्हणून वाहत्या आमटीसारखा वाढला जातो. त्यात शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या. ऋषिपंचमीच्या भाजीत तो असायलाच हवा. गौरी-गणपतीच्या नैवेद्याच्या पानावर वडी असते. बेसनाचं पीठ लावताना पान उलटं ठेवायचं, जाड शिरा लाटण्याने दाबून घ्यायच्या, मोठं पान खाली आणि लहान वर. ज्या घरात ही उतरंड आईकडून मुलीकडे आणि आता मुलाकडेही आली, त्या घरात वडी उकलत नाही.

कूळही लहानसहान नाही. सुरण त्याचा भाऊबंद, आणि दिवाणखान्यात मिरवणारा मनी प्लांट व अँथुरियमही त्याच कुळातले. माणसाने फार पूर्वी जवळ केलेल्या पिकांत अळवाची गणना होते. पापुआ न्यू गिनीमधल्या कूक या दलदलीच्या जागी सापडलेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर अळवाच्या कंदातल्या पिठाचे कण मिळाले आहेत. पॅसिफिक महासागरातल्या दर्यावर्दी लोकांनी होड्यांतून त्याचे कंद बेटाबेटांवर नेले. हवाई बेटांवर त्याला ‘कालो’ म्हणतात आणि तिथल्या कथेत तो माणसाचा थोरला भाऊ आहे: पहिलं मूल दगावलं, त्याला पुरलं, तिथून अळू उगवलं, आणि नंतर जन्मलेल्या धाकट्यापासून माणसांचा वंश चालला. थोरल्याने धाकट्याला पोसायचं, धाकट्याने थोरल्याची निगा राखायची, असा तो करार. करंजाच्या मागच्या दारी कुणी ही कथा ऐकलेली नाही, पण तिथलं वागणं त्या कराराला धरूनच आहे.

आता तो करार टिकवणं अवघड झालंय. १९७० साली सिडको आली आणि पुढच्या वर्षांत उरण-पनवेलची खाचरं, मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी आंदोलन केलं आणि गोळीबारात पाच जणांनी जीव दिला. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली आणि द्रोणागिरी हे नाव डोंगराबरोबर एका स्टेशनलाही लागलं. जिथे भात होता तिथे भराव आला, भरावावर इमारती. अळवाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की न्हाणीचं पाणी आता मागच्या दारी येत नाही, ते पाइपातून गटारात जातं. आणि मागचं दारच राहिलेलं नाही. पण माणसं गावठाणातून इमारतीत गेली तेव्हा कितीतरी जणींनी अळवाचे कांदे, म्हणजे कंद, पिशवीत घालून सोबत नेले. आज द्रोणागिरीतल्या गॅलऱ्यांत रंगाच्या रिकाम्या बादल्यांतून, ग्रो बॅगांतून अळू उभं दिसतं. उन्हाकडे पाठ, भिंतीकडे तोंड, जमेल तशी सावली.

बादलीत आलेल्या या अळवाचे हाल वेगळे आहेत. गावठाणात त्याच्या सोबतीला बेडूक होते, पानांखाली उकरणाऱ्या कोंबड्या होत्या, आणि शंखी गोगलगायी वेचून खाणारा भारद्वाज कुंपणावरून चालत यायचा. तिसऱ्या मजल्यावर यातलं कुणी नाही. दुखणी मात्र सगळी पोचतात.

सगळ्यात वाईट करपा. पाऊस लागून राहिला, रात्री गारवा आला, पानं दिवसरात्र ओली राहिली की पानावर पाण्याने भिजल्यासारखा गोल डाग पडतो. तो तपकिरी होतो, वलयावलयांनी वाढतो, कडेला नारिंगी चिकट थेंब दिसतात, मग मधला भाग गळून पडतो आणि आठवड्याभरात पान देठावर लोंबतं. ही फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसदृश जीवाची करणी. त्याच घराण्यातला दुसरा जीव पावसाळ्यात अलिबाग-श्रीवर्धनच्या सुपारीवर कोळेरोग आणतो. करपा काय करू शकतो हे सामोआ बेटांनी भोगलंय. १९९३ मध्ये तो तिथे पोचला आणि वर्षभरात, ज्या पिकावर देशाचं जेवण आणि निर्यात दोन्ही उभं होतं, ते जवळजवळ बसलं. पुढे आशियातल्या वाणांशी संकर करून तिथल्या लोकांनी ते पुन्हा उभं केलं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘मुक्तकेशी’सारखं करप्याला दाद न देणारं वाण दिलं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी ‘कोकण हरितपर्णी’ दिलं.

घरच्या अळवावर करपा दिसला तर पहिलं काम कात्रीचं. डाग पडलेलं पान देठासकट काढायचं, कुंडीत किंवा खतात न टाकता बाहेर घालवायचं. बादल्या एकमेकींपासून दूर करायच्या, म्हणजे मधून वारा जाईल. पाणी पानांवरून न घालता बुडाशी, आणि तेही सकाळी. सुपारीवाल्यांचं बोर्डो मिश्रणही चालतं: लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुना हवा. फवारलेली पानं मात्र पातेल्यात जाता कामा नयेत. ती उतरवायची आणि नव्या पानांची वाट पाहायची.

दुसरं दुखणं अळ्यांचं. सकाळी पान उलटून बघणारा माणूस यात निम्मी लढाई जिंकतो. पाठीवर, शिरांच्या बेचक्यात, भुरकट लवेने झाकलेला एक पुंजका दिसतो. ती स्पोडोप्टेरा या पतंगाची अंडी, एका पुंजक्यात शेकड्यांनी. पुंजका फुटला की इवल्या अळ्या एकाच पानावर दाटीने बसून हिरवा गर तेवढा खरवडतात, वरचा पापुद्रा ठेवतात. पान उजेडात धरलं तर आरपार कागदासारखं दिसतं. या वेळी ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं तर सगळं कुटुंब संपतं. चार दिवस उशीर झाला तर अळ्या पांगतात, दिवसा मातीत लपतात, रात्री वर चढतात आणि सकाळी फक्त देठ उभे दिसतात. कधी शेपटीवर शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली एकटीदुकटी जाडजूड अळी भेटते. ती दुसऱ्या एका पतंगाची. तिच्यासाठी औषध नको, हाताने उचलून लांब सोडली की झालं.

पांगलेल्या अळ्यांवर आणि कोवळ्या पानांवरच्या माव्यावर पाच टक्के निंबोळी अर्क: लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून. पण इथे अळवाचा स्वभाव आडवा येतो. जे पान पावसाचा थेंब अंगाला लावून घेत नाही, ते औषधही लावून घेत नाही. अर्क मोती होऊन खाली ओघळतो. म्हणून त्यात रिठ्याचं पाणी किंवा थोडा साबण मिसळायचा, तेव्हा कुठे ते पानाला धरतं. फवारा संध्याकाळी, आणि खालच्या बाजूने.

तिसरा शत्रू चालत येतो, पण फार सावकाश. आफ्रिकेची शंखी गोगलगाय १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखअभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात तिने सोयाबीनचे कोवळे अंकुर फस्त केले आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. तळमजल्याच्या बागेत ती रात्री येते, अळवाच्या पानाला कडेपासून कुरतडते आणि मागे वाळलेली चकचकीत रेघ सोडते. उरण हा मिठागरांचा तालुका, त्यामुळे इथे पहिला हात मिठाकडे जातो. मिठाने गोगलगाय मरते हे खरं, पण ते मातीत उतरतं आणि भरावाची जमीन आधीच खारट असेल तर अळवाची पानं कडेने करपायला लागतात. मीठ बादलीत ठेवावं, वाफ्यात टाकू नये. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याशी पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. उघड्या हाताने धरू नये, तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. कडेने कोरड्या चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा ओढला तर ती तो ओलांडत नाही. पाऊस पडून गेला की पट्टा पुन्हा ओढायचा.

ही कहाणी फक्त अळवाची नाही. थंड देशांतल्या बागांत सावलीची जागा हॉस्टा सांभाळतो. मूळ जपान, कोरिया, चीनचा, रुंद शिराळ पानांचा. जपानमध्ये त्याचे कोवळे कोंब ‘उरुई’ या नावाने भाजी म्हणून खातात. त्याला हिवाळ्याची कडक थंडी लागते, म्हणून कोकणात तो रमणार नाही. पण दुखणं अगदी ओळखीचं: रात्री गोगलगायी येऊन पानांची चाळण करतात, आणि तिथले बागवानही टॉर्च घेऊन वेचायला निघतात. हॉस्टाची पानं थंडीत जमिनीशी जातात आणि वसंतात बुंध्यातून पुन्हा वर येतात. आपलं अळू पाण्याशिवाय राहिलं तर वैशाखात मान टाकतं आणि पहिल्या पावसाला परत उभं राहतं. दोघांचीही पुंजी जमिनीखाली आहे.

अळवाला बरं करायचं म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर उरणच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशींनी दिलं. अळ्यांनी खाल्लेल्या अळवाचं काय करू, असं मी विचारलं होतं. जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, “पान गेलं तर जाऊ दे. खालचा कांदा सांभाळ.” पुढे कृषी विद्यापीठांची पत्रकं वाचली, करप्याची माहिती वाचली, सगळ्यांचा मथितार्थ या दोन वाक्यांत आलेला होता. आपण पानाला जीव लावतो कारण पान आपल्याला दिसतं आणि खायला मिळतं. अळू स्वतः पानात जीव अडकवत नाही. अर्धं खाल्लेलं, डागाळलेलं पान देठावर ठेवून त्याला काही मिळत नाही. ते काढून टाकलं तर अळू लगेच खालून नव्या पानाची तयारी करतं.

म्हणून अगदी हातघाईची वेळ आली, तर सगळी पानं बुडाशी कापून टाकायला घाबरू नये. मग माती बोटभर उकरून कांदा दाबून बघावा. टणक असेल तर काळजी नाही. मऊ लागला, वास आला, तर सडलेला भाग कापून, राख लावून, दोन दिवस सावलीत सुकवून नव्या मातीत लावावा. कुंडीचं भोक बंद झालेलं नाही ना, ते बघावं. अळवाला ओल आवडते, पण कापलेल्या कांद्याला डबकं सोसत नाही. लवकर वाढावं म्हणून युरिया टाकू नये. त्याने पान फोफावतं, पण कोवळं आणि पिचकट, आणि मावा नेमका त्यावरच बसतो. पहिली पुंगळी वर आली की मूठभर कुजलेलं शेणखत पुरे. पहिलं पान तळहाताएवढं येतं, त्याला हात लावू नये. दुसरं त्याहून मोठं. तिसरं आलं की झाड पूर्ववत झालं असं समजावं, आणि तेव्हासुद्धा बाहेरची जुनी पानंच काढावीत, आतली दोन-तीन नेहमी राखावीत.

द्रोणागिरीबद्दल लोक सांगतात की मारुतीने नेलेल्या पर्वताचा हा तुटून पडलेला तुकडा. संजीवनी या डोंगरावर आहे की नाही, त्यात मी शिरत नाही. पायथ्याच्या घरांनी मात्र मागच्या दारी एक अशी वनस्पती पिढ्यानपिढ्या जपली आहे, जी कापली, कुरतडली, करपली तरी कांद्यातून परत येते आणि पुन्हा घरातल्यांच्या ताटात पडते. ती आता धोक्यात आहे ती करप्याने किंवा गोगलगायीने नव्हे. या दोघांशी तिचं जुनं भांडण आहे आणि त्यात ती हरलेली नाही. तिला धोका आहे तो कांदा मागायला कुणी न राहण्याचा. गावठाणातल्या या काळ्या देठाच्या, वडीला मऊ पडणाऱ्या, घशाला न लागणाऱ्या घरगुती जाती रोपवाटिकेत नावाने मिळत नाहीत. त्या एका घरातून दुसऱ्या घरात फक्त हाताने गेल्या आहेत. घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा मागचा कोपरा सगळ्यात आधी उकरला जातो.

तेव्हा द्रोणागिरीत, पनवेलमध्ये, कुठेही नव्या घरात राहायला आला असाल, तर ज्येष्ठ लागण्याआधी गावठाणातल्या एखाद्या ओळखीच्या घरी जा आणि दोन कांदे मागून आणा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज त्यांना द्या. ते सावलीत वाढतील, पहिल्या पावसात पिल्लं देतील. ती पिल्लं वेगळी करा आणि शेजारच्या दारात नेऊन द्या, आणि देताना कुठल्या घरून आणली तेही सांगा.